टीचभर वर

४ सप्टेंबर

दादा,

'तीर्थरूप' लिहायचं होतं, पण हात वळला नाही. 'दादा' लिहिलं ते सवयीने. आठ वर्षं बोलणं बंद ठेवलं तर ही सवयही मोडेल अशी माझी समजूत होती.

तुझा 'तांत्रिक अभिप्राय' पोचला. पीकरक्षण समितीने मला त्याची प्रत दिली. वर सोनेरी चिन्ह, खाली तुझी सही आणि सहीखाली चार ओळी पदव्या. त्यातली एक पदवी तू स्वतःच चालवतोस त्या संस्थेने तुला दिली आहे, हे वाचून बरं वाटलं. घरच्या घरी सत्कार झाला की हाराचा खर्च वाचतो.

तू लिहितोस, "रायफल व दुर्बीण सुस्थितीत असून, चाप ओढताना नेमबाजाच्या हातास बसलेला झटका घटनेस कारणीभूत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे." स्पष्ट मत. तू जागा पाहिली नाहीस, डुक्कर पाहिलं नाहीस, घटनेनंतर रायफल हातात घेतली नाहीस. आणि ज्या नेमबाजाच्या हाताबद्दल हे लिहिलंस, ती तुझी सख्खी भाची आहे, याचा त्या दोन पानांत कुठे उल्लेख नाही. परक्या माणसाबद्दल लिहितानाही लोक 'बिचारी' असा एखादा शब्द टाकतात.

घडलं काय ते तुला समितीने कळवलंच आहे. पण समितीचा अध्यक्ष कुंपणाच्या तारा विकतो. रानडुकरं मारणारी पोरगी कामावर राहिली तर तारा कोण घेणार, त्यामुळे त्याच्या सांगण्यात थोडी तार शिरलेली असणार. म्हणून माझ्याकडून ऐक.

मका तयार झाला आहे. संध्याकाळी उजेड असताना एक मोठं डुक्कर बांधाशी आलं. मागे मातीचा उंच बांध, माणूस नाही, वाट नाही. पोरीने सगळं बघितलं, खांद्याच्या मधोमध नेम धरला आणि गोळी सोडली. अंतर एकशे वीस मीटर. डुक्कर पाय कापल्यासारखं जागच्या जागी कोसळलं. तिच्याबरोबर शेताचा ट्रॅक्टरवाला होता. ती त्याला म्हणाली, "थांबा, लगेच जवळ जाऊ नका." पण त्याला मेलेल्या डुकराबरोबर फोटो हवा होता. मोबाइल पुढे धरून गडी निघाला, आणि 'मेलेलं' डुक्कर उठलं. मांडी फाडली त्याने. पोरगी धावत दहा पावलांवर गेली आणि माणूस आणि डुक्कर यांच्यात हातभर जागा उरली असताना दुसरी गोळी मारून तिने डुक्कर पाडलं. ट्रॅक्टरवाला वाचला. बत्तीस टाके पडले, पण वाचला. आता तो दवाखान्यात बसून सगळ्यांना सांगतो की पोरीचा पहिला नेम चुकला.

चुकलाच. गुरांच्या डॉक्टरने डुक्कर उघडून बघितलं तेव्हा पहिल्या गोळीची जखम मणक्याच्या वरच्या काट्याला होती, पाठीच्या चरबीत. तिथे गोळी घासून गेली की जनावर बधिर होऊन पडतं आणि थोड्या वेळाने उठतं. हे तुला माहीत आहे. बाबांनी आपल्याला सांगितलं होतं तेव्हा तू माझ्या पुढे बसला होतास आणि तुझ्या डोक्यामुळे मला फळा दिसत नव्हता.

मग मला सांग, जो हात दहा पावलांवर, माणूस किंचाळत असताना, हातभर फटीत गोळी घालतो, त्याच हाताला एकशे वीस मीटरवर, ती शांतपणे बसलेली असताना, झटका बसतो? असा हात मी तरी पाहिलेला नाही. तू पाहिला असशील, शहरात काय काय असतं.

अभिप्राय मागे घे. बावीस तारखेला समिती बसणार आहे. तुझ्या कागदावर तिचा परवाना आणि तिची नोकरी दोन्ही जाणार आहेत.

तुझी बहीण
(हेही सवयीनेच)


९ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं. बहिणीला पत्र लिहायलाही कारकून लागतो, एवढी प्रगती बाबांनी बघायला हवी होती.

"त्राग्याने प्रश्न सुटत नाहीत. आपण व्यावसायिक राहू या." ठीक आहे. बाबांचं बंदुकांचं दुकान मी चालवते, तू 'सल्ला' चालवतोस. राहू या व्यावसायिक.

रायफल झीरो कोणी केली, म्हणजे तिची दुर्बीण नेमाला कोणी बांधली? तू केलीस. कधी? उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते तेव्हा. पोरीला नुकतीच नोकरी लागली होती आणि तिने मला न विचारता तुला बोलावलं. मला त्याचं काही वाटलं नाही. निदान तिला मी तसंच सांगितलं. लहानपणापासून तिच्या खोलीत तुझा नेमबाजीची ढाल घेतलेला फोटो आहे. मी तो कधी काढला नाही, फक्त धूळ पुसायची सोडली.

तू आलास. नवे बूट घालून आलास, असं ती कौतुकाने सांगत होती. दुकानामागच्या नेमबाजीच्या बोगद्यात, पंचवीस मीटरवर, तू कागदावर मधोमध भोक पाडलंस आणि म्हणालास, "पंचवीसला बांधा, पुढचं विसरा." हेच वाक्य तुझ्या चहाच्या कपांवर छापलेलं आहे. एक कप तू तिला भेट दिलास. मी त्यात स्क्रू ठेवते.

आता तुला शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, असं तुला वाटेल. तरीही लिहिते, कारण या पत्राची प्रत समितीला देणार आहे, आणि तारा विकणाऱ्या माणसालाही कळलं पाहिजे.

दुर्बीण वर असते, नळी खाली. डोळा दुर्बिणीतून सरळ रेषेत बघतो. गोळी मात्र त्या रेषेच्या खालून निघते, म्हणून नळीचं तोंड केसभर वर राहील अशी दुर्बीण बांधतात. गोळी खालून येते, नजरेच्या रेषेला एकदा छेदते, काही अंतर तिच्या वरून जाते, मग वजनाने खाली येते आणि लांब कुठेतरी तिला पुन्हा छेदते. म्हणजे रायफल दोनच ठिकाणी खरं बोलते, एक जवळ आणि एक लांब. मधल्या सगळ्या पट्ट्यात ती वर मारते. झीरो ठरवायचा म्हणजे ती कुठे खरी बोलली पाहिजे ते आधी ठरवायचं, आणि ते आपल्याला गोळी कुठे मारायची आहे यावरून ठरतं. आपल्या बोगद्याची लांबी किती आहे यावरून नाही.

तू पंचवीसला बांधलीस. तुझ्या क्लबातल्या रायफलींवर दुर्बीण नळीला चिकटून बसते, तिथे हे चालून जातं. पोरीच्या दुर्बिणीचं पुढचं भिंग मोठं आहे, त्यामुळे ती नळीवरच्या उंच, धातूच्या कड्यांवर बसवली आहे. ती उंची तू मोजली नाहीस. दुर्बीण जितकी उंच, तितकं नळीला तोंड वर करावं लागतं, आणि मधल्या पट्ट्यात गोळी तितकी वर जाते. मी हिशेब केला आहे. तुझी रायफल पंचवीसला खरी, मग थेट सव्वादोनशेच्या पुढे खरी. शंभर ते दीडशेमध्ये ती टीचभर वर मारते. आपल्या खोऱ्यात शेताशेताला झाडांच्या रांगा आहेत. कुठेही उभं राहा, दीडशेच्या पलीकडे दिसत नाही. म्हणजे तुझी रायफल जिथे बरोबर मारते तिथे डुक्कर दिसत नाही आणि जिथे डुक्कर दिसतं तिथे ती पाठीवरून जाते. उन्हाळ्यात पोरीने चार डुकरं मारली, सगळी झाडीत, अगदी जवळून, म्हणून तुझं पितळ तेव्हा उघडं पडलं नाही.

बाबा काय करायचे? बोगद्यात गोळी फक्त कागदावर पडेल एवढं बघायचे. मग रायफल खांद्यावर टाकून जुन्या दगडाच्या खाणीपर्यंत चालत जायचे आणि तिथे शंभरला पक्की करायचे. शंभरला बांधली की या खोऱ्यात कुठेही दोन बोटांपलीकडे चूक होत नाही. खाण अजून तिथेच आहे. रस्त्यावर दगड फार आहेत, बुटांना ओरखडे पडतात.

तू म्हणशील, कशावरून मीच बांधलेला झीरो होता, नंतर कोणीतरी हलवला असेल. तुझ्या दुर्दैवाने बाबांची एक सवय तू उचलली आहेस. झीरो झाला की ते दुर्बिणीच्या कड्यांवर आणि नेम वरखाली करणाऱ्या चकतीवर नेलपॉलिशचा ठिपका लावायचे, म्हणजे काही हललं तर ठिपका चिरतो. लाल नेलपॉलिश. ते स्वतः बायकांच्या दुकानात जाऊन आणायचे. दुकानदारीण विचारायची, "आज कोणासाठी?" आणि बाबा तोंड सरळ ठेवून सांगायचे, "चौघी आल्यात घरी." तुझा ठिपका हिरवा. बाबा गेल्यावर तू लाल सोडून हिरवा घेतलास, वेगळेपण दिसावं म्हणून. पोरीच्या रायफलीवर तिन्ही ठिपके हिरवे आहेत आणि एकालाही चीर नाही. समितीच्या लोखंडी कपाटात ती रायफल आहे, किल्ली अध्यक्षाकडे. जा, बघून ये.

आणि मी तेव्हाच का नाही तपासली? डॉक्टरने मला चार महिने धक्का बसेल असं काही करू नका म्हणून सांगितलं होतं. पोरीला म्हटलं, एकदा खाणीत जाऊन बघ. ती म्हणाली, "मामांनी केलंय, आई." त्यापुढे मी बोलले असते तर आईला मामांचं बघवत नाही असं झालं असतं. ते खरंच आहे म्हणून गप्प बसले.

अभिप्राय मागे घे. एक ओळ पुरे. पदव्या लिहिल्या नाहीस तरी चालेल.

बहीण


१५ सप्टेंबर

दादा,

रायफल 'सविस्तर तपासणीसाठी' शहरात पाठवता येणार नाही. मला तू लबाड वाटतोस हे एक कारण. समितीने कपाटाला सील लावलं आहे, हे दुसरं. कुठलं आधी आठवायचं ते तू ठरव.

अध्यक्षाने मला सांगितलं की तू स्वतः येऊन, सगळ्यांसमोर, त्याच रायफलीने, त्याच जागी, तितक्याच अंतरावरून गोळ्या मारून दाखवणार आहेस. "रायफल चोख आहे हे सिद्ध करतो," असं म्हणालास म्हणे. बरं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते बघायला सगळं खोरं जमेल. ट्रॅक्टरवालासुद्धा कुबडी घेऊन येणार आहे. फोटो काढायला.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही.

मी तुला आजवर पोरीच्या नोकरीबद्दल लिहिलं. नोकरीचं मला खरं म्हणजे फारसं नाही. नोकऱ्या मिळतात. दुकानात मला हात हवाच आहे. पण परवा सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती टेबलाशी बसली होती. समोर कप, तुझाच, मी स्क्रू काढून धुवून ठेवला होता तो. कप काठोकाठ पाण्याने भरलेला आणि तिने तो एका हाताने हवेत धरलेला. पाणी हलतंय का ते बघत होती.

मी म्हटलं, "काय चाललंय?"

म्हणाली, "काही नाही."

मी म्हटलं, "थेंबभर हललं नाही पाणी."

ती म्हणाली, "आत्ता नाही हललं. तेव्हा हलला असेल हात. मामा म्हणतात म्हणजे हललाच असेल."

मी तिला सगळं समजावलं. कागदावर रेघा काढल्या, नजरेची रेषा, गोळीची वाट, दोन छेद. तिला हे येतं, तिला मीच शिकवलं आहे. तिने रेघा बघितल्या आणि म्हणाली, "आई, तू मामांवर इतकी चिडलेली असतेस की तुझ्या हिशेबावर कसा विश्वास ठेवू?"

ऐकलंस? आठ वर्षं तुझ्याबद्दल जे काही बोलले ते सगळं त्या एका वाक्यात माझ्याच तोंडावर आलं. तुला आनंद झाला असेल तर होऊ दे.

तिने रायफल मागितली नाही. दुकानातलीही हातात धरत नाही. गिऱ्हाईक आलं की मला हाक मारते. ट्रॅक्टरवाल्याला भेटायला जाते, त्याच्यासाठी फळं नेते, तो फळं खातो आणि तिला सांगतो की तिचा हात हलला. ती मान डोलावते.

तिचा परवाना गेला तर चालेल मला. हात गेला तर चालणार नाही. नेमबाजाचा हात हा मनात असतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? सतराव्या वर्षी तू लागोपाठ तीन स्पर्धा हरलास तेव्हा बाबांनी तुला काय सांगितलं होतं? "तुझा हात चांगला आहे, तुझं डोकं त्याच्या आड येतं." तेवढ्यावर तू परत उभा राहिलास. ढाल घेतलेला फोटो त्याच वर्षीचा आहे.

मी तुला विनंती करत नाही. विनंती करायची सवय मला नाही आणि ऐकायची तुला नाही. एवढंच सांगते की ती तुझ्या तोंडचं ऐकते, माझ्या नाही. येशील तेव्हा तिला एकदा म्हण, "तुझा हात हलला नव्हता." समितीसमोर नाही म्हणालास तरी चालेल. मागच्या बाजूला, गाडीशी उभा राहून म्हण. मी ऐकायला येणार नाही.

मुक्कामाला घरी ये असं लिहायला हवं. गावात लॉज आहे.

बहीण


२३ सप्टेंबर

दादा,

काल तू गाडीत बसून गेलास, त्यानंतर काय झालं हे तुला माहीत नाही. आणि तू जाण्याआधी जे झालं ते तू शहरात वेगळंच सांगशील. म्हणून दोन्ही लिहून ठेवते.

अध्यक्षाने पुठ्ठ्याचं डुक्कर कापून आणलं होतं. ते मेंढीसारखं दिसत होतं, पण खांद्यावर काळा गोल होता, तेवढं पुरे. बांधाला टेकून ते उभं केलं. तू सील तपासलंस, ठिपके तपासलेस. अध्यक्षाने विचारलं, "हे आपलेच का?" तू म्हणालास, "माझेच. रंगावरून ओळखू येतात." मला तेव्हा हसू आलं. ते तू बघितलंस आणि दुसरीकडे बघितलंस.

मला एकच धास्ती होती. माझी तिन्ही पत्रं तुला मिळाली होती, हिशेब तुला कळला होता. तू मुद्दाम टीचभर खाली नेम धरून गोळी गोलात बसवशील आणि हात झटकून मोकळा होशील, असं मला वाटत होतं. कोणाला कळलं असतं? मी ओरडले असते, पण माझं ओरडणं आता या खोऱ्यात कोणी मोजत नाही.

तू चटई टाकून पालथा पडलास. पुढे वाळूची पिशवी. खांदा, गाल, श्वास. मी मागून बघत होते. सगळं तसंच होतं, बाबांनी बसवलेलं. पाठ जाडी झाली आहे तुझी, पण श्वास सोडल्यावर मधे जो थांबतोस ना, तो थांबा तोच आहे. पहिली गोळी गेली. अध्यक्षाने लांबून दुर्बिणीतून बघून सांगितलं, "वर. पाठीच्या कडेला." नेम बदलला नाहीस. दुसरी. "वरच." तिसरी. "वरच, तिथेच."

तू खाली धरलं नाहीस, दादा. म्हणजे तुझा तुझ्या आकड्यावर खरोखर विश्वास होता. मी तुला आठ वर्षं लबाड समजत आले. तू नुसताच मूर्ख निघालास. मला वाटतं, मी तुझी माफी मागायला हवी.

मग तू उठलास, गुडघे झाडलेस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "रायफल चोख आहे. आज माझा हात बरोबर नाही. वय झालं. हात हलला."

तू रायफल अध्यक्षाच्या हातात दिलीस, पोरीकडे बघितलं नाहीस आणि सरळ गाडीकडे गेलास. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ स्वतःच काडी लावून जळला, नुसत्या पिळासाठी. आपण चुकलो हे म्हणण्यापेक्षा आपण म्हातारे झालो, थरथरतो, हे सगळ्या गावासमोर म्हणणं तुला सोपं गेलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला तुझी इतकी किळस वाटली की मी थुंकले. खरंच थुंकले, बांधावर. ट्रॅक्टरवाल्याने बघितलं.

अध्यक्षाने घसा साफ केला. "तज्ज्ञांचाही हात हलतो म्हटल्यावर..." असं काहीतरी तो सुरू करणार होता. म्हणजे पोरीचा हात हलला हे तर पक्कंच झालं, असं तो म्हणणार होता. मी पुढे होणार तेवढ्यात पोरगी चालू लागली. थेट बांधापर्यंत गेली, पुठ्ठ्याचं डुक्कर उचललं आणि घेऊन आली. अध्यक्षासमोर मांडलेल्या टेबलावर ठेवलं. तिन्ही भोकं पाठीच्या रेषेपाशी, काळ्या गोलाच्या टीचभर वर. आणि तिन्ही एकमेकांना चिकटलेली.

ती म्हणाली, "मामांचा हात हलला नाही."

अध्यक्ष म्हणाला, "ते स्वतःच म्हणाले की."

"ते चुकीचं म्हणाले. हललेला हात तीनदा एकाच ठिकाणी जात नाही. असं माझ्या मामांशिवाय या खोऱ्यात कोणालाच मारता येत नाही. मला नाही येत, आईलाही नाही. त्यांचा हात हलला असं कागदावर लिहायचं नाही. मी लिहू देणार नाही."

तिचा आवाज चढला होता. ती तुझ्यासाठी भांडत होती, दादा. तिला कळलंही नव्हतं की ती स्वतःला सोडवत आहे. तिला फक्त एवढंच दिसत होतं की कोणीतरी तुझ्या हाताला नाव ठेवतंय. ते नाव तू स्वतःच ठेवलं होतंस, हे तिच्या लेखी वेगळं प्रकरण होतं.

अध्यक्षाला कळायला थोडा वेळ लागला. तारेचा माणूस. मग त्याने भोकांवर बोट ठेवलं, गोलावर ठेवलं, मधलं अंतर बोटांनी मोजलं आणि गुरांच्या डॉक्टरला विचारलं, "त्या डुकराची जखम कुठे होती म्हणालात?" डॉक्टरने पुठ्ठ्यावर त्याच तीन भोकांपाशी बोट ठेवलं. ट्रॅक्टरवाला कुबडी टेकत पुढे आला, भोकांवर वाकला आणि म्हणाला, "म्हणजे रायफलीनेच फोटोला नाट लावला." त्याची माफी मागायची पद्धत ती असावी.

पोरीचा परवाना राहिला. नोकरी राहिली. समितीच्या कागदावर 'दुर्बीण चुकीच्या अंतरावर बांधलेली होती' एवढंच लिहिलं आहे, कोणी बांधली ते लिहिलेलं नाही. ते तिने लिहू दिलं नाही. मी लिहा म्हणत होते, मोठ्या अक्षरांत लिहा म्हणत होते. मायलेकींचं टेबलाशीच वाजलं.

आज सकाळी ती रायफल घेऊन खाणीत गेली. मला ये म्हणाली नाही, मीच मागून गेले. तिने चकतीवरचा हिरवा ठिपका नखाने खरवडला, शंभरला बांधली, तीन गोळ्या मारल्या. चांगल्या पडल्या, तुझ्याइतक्या नाहीत. मग खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. मला वाटलं लाल असेल. तिने मला न दाखवता ठिपका लावला आणि बोट पँटला पुसलं. मी रंग विचारला नाही. परत येताना ती म्हणाली, "मामांना फोन करू?" मी म्हटलं, "तुझा मामा आहे." ती म्हणाली, "ते उचलतील का?" याचं उत्तर येतं का तुला?

पुठ्ठ्याचा पाठीकडचा तुकडा कापून या पत्राबरोबर पाठवते आहे. हे तिने सांगितलं म्हणून. मी तो पेटवायला घेतला होता. तिन्ही भोकं एका बाटलीच्या झाकणाखाली झाकली जातात. मी झाकण ठेवून बघितलं, आणि बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं हे आठवून दुकान बंद करून बसले. त्यांनी नुसतं झाकण दोनदा उचलून परत ठेवलं असतं.

माझं तुझ्याबद्दलचं मत तेच आहे. तू भाऊ म्हणून वाईट आहेस, मामा म्हणून त्याहून वाईट, आणि तज्ज्ञ म्हणून तर तू चहाच्या कपांवरच शोभतोस. पण तुझा हात हलला नव्हता. हे तुला कोणीतरी सांगायला हवं, आणि तिचा फोन तू उचलशील याची खात्री नाही, म्हणून मी लिहिते.

हात सांभाळ.

तुझी धाकटी